खळं: करायचं कसं, राखायचं कसं

घाटावरच्या माणसाला 'खळं' म्हटलं की शेतातली मळणीची जागा आठवते, मधे तिवडा (रोवलेला खांब) आणि भोवती फिरणारे बैल. सिंधुदुर्गात आणि रत्नागिरीच्या दक्षिणेकडे खळं म्हणजे घराच्या पुढल्या दारचं अंगण. शब्द एकच. संस्कृतात 'खल' म्हणजे मळणीची जागा, आणि तिथल्या दाण्यांवर कबुतरांचा थवा एकदम उतरतो त्यावरून 'खलेकपोतन्याय' आला. कोकणात शेतं लहान, पायऱ्यापायऱ्यांची, भात कापलं तरी खालची जमीन ओलीच. तिथं मळणी कुठे घालणार? भारे डोक्यावरून घरी आणायचे आणि दाराशी झोडायचे. त्यामुळे मळणीची जागा आणि अंगण इथे एकच झालं. चंद्रासूर्याभोवती पडणाऱ्या कड्यालाही मराठीत खळंच म्हणतात, पण तो विषय वेगळा.

रोजच्या बोलण्यात खळं सारखं येतं. 'खळ्यात कोण इलो तो बघ', 'गाडी खळ्यात लाव', 'दिवेलागणीच्या आधी खळं लोटून घे'. त्यातलं महत्त्वाचं म्हणजे या शब्दाबरोबर येणारी क्रियापदं: खळं बेणतात (गवत-तण काढतात), खणतात, चोपतात, सारवतात, लोटतात. घर बांधून उरली ती मोकळी जागा म्हणजे खळं नव्हे. कोकणात 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तो दर वर्षी खळं मोडून जातो, आणि दर वर्षी ते नव्याने करावं लागतं. हे काम माहीत असलेली माणसं वाडीवाडीत कमी होत चालली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वेळ ठरलेली असते. पाऊस ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात ओसरतो. हळवी, म्हणजे लवकर पिकणारी भातं तोवर कापायला येतात, उशिरा पिकणारी गरवी मागाहून. नरकचतुर्दशीला पहाटे तुळशीपुढे कारीट (छोटं कडू फळ) फोडायचं, मग कार्तिकात तुळशीचं लग्न. म्हणजे दसरा ते दिवाळी या दिवसांतच खळं उरकायला हवं. फार लवकर घेतलं तर परतीच्या पावसाची एक सर सगळं धुऊन नेते. उशीर केला तर माती वाळून दगड होते, खणताना दुप्पट घाम निघतो आणि पाणीही जास्त लागतं. जमिनीत पावसाची ओल आहे तोवर हात घालावा.

आधी बेणणी. चतुर्थीच्या आधी गणपती यायची वाट म्हणून वरवर गवत काढलेलं असतं, ते पुरत नाही. आता मुळासकट काढायचं. सर्वांत त्रासदायक म्हणजे लव्हाळा. त्याच्या मुळाशी काळ्या गाठी असतात, त्या जमिनीत राहिल्या तर चोपलेल्या खळ्यालाही भोक पाडून कोंब वर येतो. दुर्वांच्या पसरलेल्या वेलांचंही तसंच. खुरप्याने एकेक गाठ काढण्यात अर्धा दिवस गेला तरी जाऊ द्यावा, पुढचे सात महिने सुखाचे जातात. शेवाळाची हिरवी साय फावड्याने खरवडून बाहेर टाकायची. ती मातीत कालवली तर तो थर नीट बसत नाही.

मग कुदळीने वरची दोन-तीन इंच साल मोकळी करायची. जास्त खोल जायचं कारण नाही, कारण खालचा थर वर्षानुवर्षं चोपून बसलेला असतो आणि तोच खरा पाया. ढेकळं फोडायची, खडे वेचायचे. पावसाने माती वाहून गेली असेल तर नवी भर घालायची. हिशेब सोपा आहे. 20 बाय 25 फुटांचं, म्हणजे 500 चौरस फुटांचं खळं असेल आणि चोपून दोन इंचांचा थर हवा असेल, तर सुट्या मातीचा थर तीन इंचांचा पसरावा लागतो. ही माती 125 घनफूट, म्हणजे सव्वा ब्रास. नेहमीची डागडुजी असेल तर याच्या चौथाईत भागतं.

माती कोणती, यावर सगळं ठरतं. जांभ्या दगडाची झिजून झालेली तांबडी माती उत्तम. ती भिजली तरी फार फुगत नाही, वाळली तरी फार आकसत नाही, त्यामुळे भेगा कमी पडतात. देशावरच्या काळ्या मातीचं असं खळं टिकणं अवघड, ती उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते. वारुळाची माती मिळाली तर वरच्या थरात घालावी, ती बारीक असते आणि घट्ट धरते. मळ्यातली भाताची माती मात्र आणू नये. तिच्यात कुजकं खत असतं, गवताचं बी असतं, आणि महिन्याभरात खळं हिरवं होतं. किनाऱ्यालगत, जिथे जमीनच पुळणीची, म्हणजे वाळूची आहे, तिथे वरून चार इंच तांबडी माती आणून घालावी लागते. माती फार चिकट असेल तर तिच्यात थोडी वाळू मिसळतात. ती नदीची घ्यावी, समुद्राची नको. समुद्राच्या वाळूतलं मीठ हवेतली ओल ओढून घेतं आणि दमट दिवशी खळ्याला घाम फुटतो. त्यावर वाळत घातलेलं काहीही मग लवकर वाळत नाही.

उतार विसरू नये. घराच्या जोत्यापासून बाहेरच्या गडग्याकडे (दगडी कुंपणाकडे), दर 10 फुटांना दीड ते दोन इंच. याहून कमी ठेवला तर पाणी साचतं, जास्त ठेवला तर सुपाऱ्या घरंगळतात आणि पाऊस माती ओढून नेतो. जोत्याशी एक सुतळी आणि गडग्याशी एक सुतळी बांधून मधे लांब फळी फिरवली की उंच-सखल भाग लगेच दिसतो. शंका असेल तर एक कळशी पाणी जोत्याशी ओतून बघावं. पाणी थांबलं तिथे खड्डा. हे चोपण्याआधीच बघायचं, नंतर बघून उपयोग नाही. तुळशीवृंदावनाच्या घराकडच्या अंगाला पाणी हटकून अडतं, तिथे उतार दोन्ही बाजूंना काढून द्यावा.

संध्याकाळी पाणी मारायचं. सव्वा ब्रास कोरडी माती असेल तर 300 ते 400 लीटर लागतं, ऑक्टोबरातल्या ओलसर मातीला याच्या निम्म्याने पुरतं. पाणी एकदम ओतायचं नाही, शिंपडत जायचं आणि रात्रभर मुरू द्यायचं. सकाळी अंगठा रोवून बघावा. ठसा स्पष्ट उठला आणि माती अंगठ्याला चिकटली नाही, तर चोपायला घ्यायचं. चिकटली तर दोन तास थांबायचं. ठसा उठताना कडा फुटल्या तर अजून पाणी हवं. घाईने ओल्या मातीवर चोपणं चालवलं की माती उचलून येते, आणि बसली तरी वाळताना भेगाळते. खळं बिघडतं ते बहुतेक वेळा इथेच.

चोपायला लाकडाचं चोपणं लागतं, मालवणीत त्याला पेटणं म्हणतात. जड लाकडाचा फूटभर लांब आणि चार-पाच बोटं रुंद चपटा ठोकळा, त्याला तिरपी मूठ. वजन दोन-तीन किलो असावं. त्याहून हलकं असेल तर माती नुसती वरून गुळगुळीत होते, आतून बसत नाही. आधी सगळ्या खळ्यावर पायांनी तुडवून घ्यायचं. मग एका कडेने ओळ धरून चोपत मागे सरकायचं, आणि प्रत्येक ठोका आधीच्या ठोक्यावर निम्मा यावा. पहिला हात हलका, दुसरा जोराचा, तिसरा संध्याकाळी ऊन उतरल्यावर. पहिल्या हाताला आवाज 'थप थप' असा मऊ येतो. माती बसत जाते तसा तो कोरडा आणि टणक होतो. तो बदल कानाला कळला की त्या ओळीचं काम झालं, पुढे चोपत राहिलं तर वरची साल सुटते. भर घातलेले खड्डे आणि वृंदावनाभोवतालची जागा धुमसाने (जड ठोकणीने) ठोकावी, तिथे चोपण्याची ताकद पुरत नाही. चोपणं मातीला चिकटायला लागलं तर वरून चाळलेली कोरडी माती भुरभुरायची.

पुढचे दोन दिवस खळं सावकाश वाळायला हवं. ऑक्टोबरचं ऊन कडक असतं, म्हणून दुपारी वरून झावळ्या टाकाव्यात. तरी केसासारख्या बारीक भेगा पडतातच, त्यांची काळजी नको. एक भाग शेण आणि दोन भाग चाळलेली माती पातळ कालवून भेगांत भरायची आणि तेवढ्याच जागेवर परत चोपायचं. भेगेत काडेपेटीची काडी जात असेल तर मात्र माती चिकट होती किंवा पाणी जास्त झालं होतं. तेवढा तुकडा उकरून, थोडी नदीची वाळू मिसळून पुन्हा बसवावा.

आता सारवण. शेण ताजं, गाईचं, आणि कोरडं गवत-पेंढा खाणाऱ्या गुराचं असावं. त्यात न पचलेल्या गवताचे बारीक धागे असतात आणि तेच मातीची धूळ धरून ठेवतात. पावसाळ्यात कोवळा चारा खाल्लेल्या गुराचं शेण पातळ असतं, त्यात धागा कमी. पेंड-खुराकावरच्या गुरांचं शेण चिकट होतं आणि वासही मारतं. शेण जंतू मारतं असं सर्रास म्हणतात, त्यावर विसंबू नये. हाताला-पायाला जखम असेल तर सारवायला बसू नये, शेणामातीतून धनुर्वात होऊ शकतो.

100 चौरस फुटांना साधारण चार-पाच किलो शेण आणि आठ-दहा लीटर पाणी हे प्रमाण ठीक. गाठी हाताने मोडून काढायच्या, काड्या आणि खडे काढून टाकायचे. कालवलेलं शेण ओंजळीतून सोडलं तर धार लागावी, पण हात मात्र हिरवा राहावा. आधी खळं लोटून घ्यायचं आणि पाण्याचा हलका शिपका मारायचा. कोरड्या धुळीवर शेण बसत नाही, आठवड्यात पोपडे धरतं. ओटीवर किंवा पडवीत हाताने सारवतात, तिथे तळवा पालथा न घालता बोटं जुळवून कमानीसारखे फटकारे ओढायचे, प्रत्येक कमान आधीच्या कमानीवर दोन बोटं चढवायची. खळं मोठं असतं, तिथे हिरांच्या वाढवणीने, म्हणजे माडाच्या काड्यांच्या झाडूने सारवतात. शेण ओतायचं आणि वाढवण आडवी धरून अर्धगोल ओढत मागे यायचं. सुरुवात जोत्याकडून, शेवट बाहेरच्या वाटेवर, नाहीतर आपणच आत अडकून पडतो. मधे थांबायचं नाही. अर्धवट वाळलेल्या कडेला नवं सारवण जोडलं की तो जोड कायम दिसत राहतो आणि पहिला पोपडा तिथूनच उठतो.

पहिला हात पातळ द्यायचा. तो पुरता वाळल्यावर दुसरा थोडा दाट, उलट दिशेने. एकाच दाट हातात काम उरकायचा मोह फार होतो आणि तो वाईट. जाड थर वरून वाळतो, खालून ओला राहतो आणि पापडासारखा उचलला जातो. दुसऱ्या हातानंतर निदान दोन दिवस कडक ऊन मिळाल्याशिवाय त्यावर भात टाकू नये, नाहीतर दाण्याला शेण लागतं.

काळं कुळकुळीत सारवण अनेकांना आवडतं. त्यासाठी नारळाच्या करवंट्या जाळून त्यांचा कोळसा वस्त्रगाळ करून शेणात घालावा, बादलीला दोन मुठी. मधल्या काळात जुने सेल फोडून त्यातली काळी पूड घालायची पद्धत पडली होती. ती पूर्ण बंद करावी. त्या पुडीत मँगनीजची संयुगं असतात, ती हाताला लागतात, आणि याच खळ्यावर आपण खायची वस्तू वाळवतो.

झोडणीला खळ्याच्या मधोमध दगड किंवा लाकडी बाक मांडून त्यावर पेंढी आपटतात. दाणे चार-पाच फुटांपर्यंत उडतात, म्हणून कडेला जुन्या साड्या किंवा ताडपत्री लावावी. झोडलेलं भात वाऱ्यावर धरून पोल (पोकळ दाणे) काढायचं आणि दोन-तीन दिवस उन्हात द्यायचं. दाणा दाताखाली 'कट्' असा तुटला म्हणजे साठवायला तयार, चेपला तर अजून एक ऊन हवं. याहून जास्त वाळवू नये, गिरणीत कणी फार पडते.

भातामागून वर्षभराची बाकीची वाळवणं याच जागेवर येतात. सुपारीला सर्वांत जास्त दिवस लागतात, सालासकट चाळीस-पंचेचाळीस दिवस. ती एकावर एक न येईल अशी पसरायची आणि आठवड्यातून एकदा परतायची. रात्री दव पडतं त्या दिवसांत गोळा करून झाकावी, नाहीतर आतून बुरशी धरते. काजूच्या बीला दोन-तीन दिवस पुरतात. कोकमाची सोलं थेट खळ्यावर कधीच टाकू नयेत. मीठ लावलेला आंबट रस गळतो, सारवण विरघळतं आणि सोलांना माती लागते. चटई, वर स्वच्छ कापड, हेच बरं. उकड्या तांदळाचं उकडलेलं भातही चटईवरच.

रोजची राखण थोडकी आहे. सकाळी वाढवणीने लोटायचं, पण वाढवण खरवडून ओढायची नाही, तिरपी धरायची. पंधरा-वीस दिवसांनी शेणाचा पातळ हात किंवा निदान सडा. कोंबड्या एकदा उकरायला लागल्या की तो खड्डा रोज वाढतो, त्याच दिवशी ओल्या मातीने भरून चोपावा. मोटरसायकलची बाजूची घोडी तर खळ्याला भोकच पाडते. गाडी लावायच्या जागी एक चिरा (जांभ्याचा घडीव दगड) जमिनीसरशी बसवून ठेवावा, तंटा मिटतो.

खळ्यावर मांडव घालतात, त्याचे खांब रोवतात तिथून वाळवी येते. खांबाचं जमिनीत जाणारं टोक दीड-दोन फूट भाजून काळं करून घ्यावं, आणि खड्ड्यात तळाशी चिऱ्याचा तुकडा टाकावा. वर घालायचे झाप (झावळ्यांची विणलेली आच्छादनं) विणायच्या आधी चुडतं, म्हणजे झावळ्या, मधोमध चिरून पाण्यात भिजवावी लागतात. कोरडी विणली तर पाती मोडतात आणि झाप वर्षही पुरत नाही. मे अखेरीला, आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या कामांत मांडव उतरवायचाच, कारण पहिल्या वादळी वाऱ्यात तो खांबांसकट उपटतो आणि खांबाभोवतीची माती घेऊन जातो. त्यातले बरे झाप पडवीला पावसाच्या झडीच्या बाजूला बांधतात. जुने झाप आणि चुडतं खळ्यावर पागोळ्या पडतात त्या ओळीत टाकायची. पागोळीच्या माऱ्याने तिथे सर्वांत खोल चर पडतो. कायमचा उपाय हवा तर त्या ओळीत चिऱ्यांची एक रांग बसवावी. जायच्या-यायच्या वाटेवरही पावलाच्या अंतराने चिरे मांडावेत, शेवाळावरून घसरून म्हाताऱ्या माणसांची हाडं मोडतात.

सिमेंटचा कोबा किंवा पेव्हर ब्लॉक घालणाऱ्यांना दोष देता येत नाही. घर दहा महिने बंद, माणसं मुंबईत, चतुर्थीला आणि मे महिन्यात येणार. अशा घरी दर ऑक्टोबरात खळं कोण चोपणार? पण सगळं खळं कोब्याने बंद केलं तर काय होतं ते आधी समजून घ्यावं. पावसाचं पाणी मुरत नाही, ते सगळं उताराच्या अंगाला एकदम लोटतं आणि गडग्याचा पाया धुतं. एप्रिलच्या दुपारी त्यावर अनवाणी पाय ठेववत नाही आणि ती झळ रात्रीपर्यंत ओटीवर येत राहते. कोकमाच्या आंबट रसाने कोबा खाल्ला जातो आणि डाग पडतात.

बंद घरासाठी चिरे बसवणं हा त्यातल्या त्यात चांगला मार्ग आहे. खाली चोपलेली माती, वर दोन इंच नदीची वाळू, त्यावर तासलेले चिरे, आणि सांध्यांत सिमेंट न भरता मातीच भरायची. पाणी मुरतं, एखादा चिरा खचला तर उचलून परत बसवता येतो. तुळशीभोवती चारी बाजूंनी निदान तीन फूट जागा मातीची सोडावी. तेवढी जागा एका माणसाला एका सकाळी चोपून सारवता येते, आणि तुळशीच्या लग्नाच्या वेळी ऊस रोवायला जमीन मिळते.